थायरॉइडमुळे एकाचे दोन दिसू लागले तर: डोळा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेची वाट, पायरीपायरीनं

थायरॉइडच्या आजारात डोळे मोठे दिसू लागतात, हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. जिना उतरताना एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसू लागल्या, चहा ओतताना कप नेमका कुठला हे कळेनासं झालं, की मात्र घरात घबराट उडते. मग पहिला प्रश्न येतो, ‘ऑपरेशन कधी?’ या आजारात कधी करायचं हे ठरवणं, कसं करायचं यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. घाईनं केलेली चांगली शस्त्रक्रियाही वाया जाते. म्हणून हा लेख ऑपरेशन टेबलाच्या बराच आधीपासून सुरू होतो.

पायरी १: नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्या

प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी हलतो: चार सरळ, दोन तिरके. ग्रेव्हज आजारात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि त्या माऱ्यात डोळ्याच्या खोबणीतली चरबी आणि हे स्नायूही सापडतात. आधी स्नायू सुजतो. सूज ओसरताना त्यात चिवट धागे तयार होतात आणि तो आखडतो. स्नायू दुबळा झालेला नसतो, ताठर झालेला असतो. आखूड दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्याकडे आरामात जातं, उलट दिशेला निघालं की दावं त्याला ओढून धरतं. डोळ्याचं अगदी तसंच होतं.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो खालचा सरळ स्नायू. तो आखडला की डोळा खाली ओढला जातो आणि वर पाहता येत नाही. त्याच्यानंतर नंबर नाकाकडच्या स्नायूचा. तेव्हा डोळा आत वळतो आणि बाजूला पाहताना एकाचे दोन दिसतात. मग वरचा स्नायू, आणि बाहेरचा क्वचितच. म्हणूनच थायरॉइडच्या रुग्णाचा डोळा बाहेरच्या बाजूला वळला असेल, किंवा पापणी वर ओढली जाण्याऐवजी खाली लोंबत असेल, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू लवकर दमवणाऱ्या दुसऱ्या आजाराची तपासणी करून घ्यायलाच हवी. हे दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. मायस्थेनियात सकाळी बरं आणि संध्याकाळी दमल्यावर जास्त असा चढउतार असतो. थायरॉइडच्या सुजेत बहुधा उलटं, सकाळी उठल्यावर त्रास जास्त.

घरी करायची एक साधी परीक्षा: एक डोळा हातानं झाका. दुसरं चित्र नाहीसं झालं, तर दोष डोळ्यांच्या सरळपणात आहे. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील, तर मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर किंवा डोळ्याचा कोरडेपणा हे कारण असण्याची शक्यता जास्त. त्यावर तिरळेपणाची शस्त्रक्रिया हा उपाय नाही.

मान मागे टाकून, हनुवटी वर करून बघायची सवय लागली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. खालचा स्नायू आखडला की माणूस नकळत असं करतो, त्यातून मान दुखू लागते, आणि मग महिनोन् महिने मणक्याचे उपचार चालू राहतात.

पायरी २: थांबू नये अशी लक्षणं

दृष्टी अंधुक होणं, रंग फिके पडणं (विशेषतः लाल रंग एका डोळ्याला विटकरी दिसणं), झोपेत डोळा पूर्ण मिटत नसल्यानं बुबुळावर जखम होऊन दुखणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठा. सुजलेले स्नायू खोबणीच्या मागच्या अरुंद टोकाशी डोळ्याच्या नसेला दाबत असू शकतात. ती नस वाचवणं पहिलं. सरळपणाचं नंतर पाहता येतं.

पायरी ३: आजार निवेपर्यंत थांबा

या आजाराला भडकण्याचा एक काळ असतो आणि नंतर निवण्याचा. रंडल यांनी १९४५ च्या सुमारास या चढउताराचा आलेख मांडला आणि आजही डॉक्टर त्याच्याच आधारानं बोलतात. भडकण्याचा काळ साधारण सहा महिने ते दोन वर्षं चालतो. धूम्रपान करणाऱ्यांत आणखी लांबतो. या काळात डोळ्याचा कोन (तो सरळ रेषेपासून किती वळलाय ते) आज एक, दोन महिन्यांनी दुसरा. आज मापं घेऊन स्नायू हलवला, तर पुढच्या दिवाळीपर्यंत ते माप चुकलेलं असतं.

आजार चालू आहे की निवला, हे ठरवायला सात गुणांची एक मोजणी वापरतात: डोळ्यामागे आपोआप दुखणं, डोळा हलवताना दुखणं, पापण्यांची लाली, डोळ्याची लाली, पापण्यांची सूज, पांढऱ्या भागावरच्या पडद्याची सूज आणि नाकाकडच्या मांसल कोपऱ्याची सूज. तीन किंवा जास्त गुण म्हणजे आजार चालू आहे.

शस्त्रक्रियेसाठी सहसा तीन अटी बघतात. एक, लाली-सूज नाही. दोन, थायरॉइडच्या रक्ततपासण्या (टी३, टी४ आणि टीएसएच) काही महिने ताळ्यावर आहेत. तीन, डोळ्याच्या कोनाचं माप किमान सहा महिने तेच आहे. तिसरी अट रुग्णांना सगळ्यात जड जाते, कारण सहा महिने दोन-दोन चित्रं बघत काढायचे असतात. पण हीच अट शस्त्रक्रियेचा निकाल ठरवते, तिच्यात सूट मागू नका.

थांबण्याच्या काळातही उपचार चालूच असतात. मध्यम ते तीव्र आजारात शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. नेहमीचा क्रम म्हणजे आठवड्याला ५०० मिलिग्रॅम असे सहा डोस, मग २५० मिलिग्रॅमचे सहा, एकूण ४.५ ग्रॅम. या काळात रक्तातली साखर, रक्तदाब आणि यकृताच्या तपासण्या लागतात. मधुमेह असेल तर घरी साखर मोजायचं यंत्र हाताशी ठेवाच. काहींना किरणोपचार देतात. टेप्रोट्युमुमॅब या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. सूज उतरली की काहींचं दुहेरी दिसणं कमी होतं, पण एकदा जून झालेले धागे औषधानं विरघळत नाहीत. तिथून पुढे शस्त्रक्रियेचं काम.

आणि सिगारेट-बिडी बंद. स्वतःची तर बंदच, घरातल्यांनीही घरात ओढू नये. रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेला याहून मोठा उपाय नाही.

पायरी ४: थांबण्याचे दिवस कसे काढायचे

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चष्म्याच्या एका काचेवर आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावायची. उजेड येतो, दुसरं चित्र पुसलं जातं. मोठ्यांना डोळा झाकल्यानं तो आळशी होण्याची भीती नसते. मात्र एका डोळ्यानं खोलीचा अंदाज चुकतो, म्हणून गाडी चालवणं, शिडी चढणं आणि चिरायला बसणं या तीन ठिकाणी सांभाळा.

त्याहून चांगला उपाय फ्रेनेल प्रिझमचा. ही प्लॅस्टिकची पातळ चकती असते, काचेच्या आकारात कात्रीनं कापून पाण्यानं काचेच्या आतल्या बाजूला चिकटवतात. ४० प्रिझम डायॉप्टरपर्यंत मिळते. १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर चित्र एक सेंटिमीटर सरकवण्याची ताकद. चकतीमुळे त्या डोळ्याला थोडं धूसर दिसतं, म्हणून ती बहुधा कमी दिसणाऱ्या डोळ्यावर लावतात. धूळ बसली की काढून कोमट पाण्यात साबणानं धुवा आणि ओली असतानाच परत लावा. कोन बदलला की चकती बदलायची. काचेतच घासून बसवलेला प्रिझम साधारण १० ते १२ च्या आतच सोसवतो, त्यापुढे काच जड आणि जाड होते. आजार चालू असताना त्यावर पैसे घालू नका.

घरच्या घरी नोंद ठेवायची सोपी पद्धत: भिंतीवरच्या ट्यूबलाइटपासून तीन मीटरवर फरशीवर खूण करा. दर रविवारी त्याच खुणेवर, तोच चष्मा घालून, मान सरळ ठेवून उभे राहा. आडवी ट्यूबलाइट बघा. दोन ट्यूब एकमेकींच्या वरखाली दिसल्या तर उभा दोष. दाराची उभी चौकट बघा. दोन चौकटी शेजारी-शेजारी दिसल्या तर आडवा. किती बोटांचं अंतर वाटतं ते वहीत लिहा. हे काही डॉक्टरी माप नव्हे, पण वहीत चार महिने तोच आकडा असणं आणि दर महिन्याला वेगळा असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

पायरी ५: शस्त्रक्रियांचा क्रम बदलू नका

डोळे खूप पुढे आले असतील तर आधी खोबणीचं हाड किंवा चरबी कमी करून डोळ्याला मागे जागा करून देतात. मग स्नायूंची शस्त्रक्रिया. सगळ्यात शेवटी पापण्या. खोबण मोकळी केल्यावर स्नायूंच्या ओढीची दिशा बदलते, आणि आधी एक दिसणाऱ्या रुग्णालाही नंतर दोन दिसू शकतात. म्हणून स्नायू आधी करून ठेवण्यात अर्थ नाही. पापण्या शेवटी ठेवण्यामागेही तसंच कारण आहे. खालचा स्नायू मागे सरकवला की खालची पापणीही त्याच्यासोबत खाली ओढली जाते. उलट, वरची वर ओढलेली पापणी कधी कधी आपोआप खाली येते; कारण ताठर स्नायूच्या विरोधात डोळा वर धरायला लागणारा जोर संपतो आणि तो जोर पापणी उचलणाऱ्या स्नायूलाही मिळत असतो.

पायरी ६: तपासणीच्या दिवशी

वेळ हाताशी ठेवून जा, दोन तास सहज जातात. प्रिझम आणि झाकणी वापरून नऊ दिशांना कोन मोजतात, वाचण्याच्या अंतरावरही मोजतात. डोळे कुठपर्यंत हलतात त्याचा हेस आलेख काढतात. कोणत्या भागात एकच चित्र दिसतं त्याचा नकाशा काढतात. सीटी किंवा एमआरआयवर कोणता स्नायू किती जाड आहे ते दिसतं. सुन्न करणारे थेंब टाकून चिमट्यानं डोळा हळूच हलवून बघतात. हाताला अडल्यासारखं लागलं, तर स्नायू ताठर आहे हे नक्की.

इथे एक गोष्ट आवर्जून विचारा. खालचा स्नायू ताठर असलेल्या डोळ्याचा दाब वर पाहताना वाढलेला येतो. काही रुग्णांना डोळा बळेबळे सरळ ठेवूनच दाब मोजल्यामुळे काचबिंदूचे थेंब सुरू होतात. डोळा त्याच्या आरामाच्या जागी, किंचित खाली ठेवून दाब किती येतो, ते मोजून घ्या.

याच भेटीत अपेक्षांचं बोलणं व्हायला हवं. या शस्त्रक्रियेचं ध्येय सगळ्या दिशांना एक दिसणं हे नाही. समोर बघताना आणि वाचायला खाली बघताना एक दिसणं, हे आहे. रस्ता, जिना, ताट, मोबाइल, पुस्तक सगळं त्यात येतं. फळीवरचा डबा काढताना किंवा डोळ्याच्या टोकानं बाजूला बघताना दोन दिसले, तरी मान वळवून काम भागतं. खाली बघण्याची दिशा मात्र कुणीही गमावू नये, आणि चांगले शल्यविशारद तिच्यासाठी समोरच्या कोनातही थोडी तडजोड करतात.

ज्या डोळ्याचा दोष वाटतो त्याच्याऐवजी दुसऱ्या डोळ्यावर किंवा दोन्हींवर शस्त्रक्रिया सुचवली तर दचकू नका. डोळे जोडीनं चालतात. चांगल्या डोळ्याच्या वरच्या स्नायूची ओढ कमी करूनही जोडी जुळवता येते.

पायरी ७: शस्त्रक्रियेच्या आधीचे दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मनानं बंद करू नका. गेल्या काही महिन्यांत स्टेरॉइड घेतलं असेल तर ते भूलतज्ज्ञांना कळायलाच हवं. आदल्या रात्री केस धुऊन घ्या, काजळ-आयलायनर पूर्ण काढा. ठोस अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. थायरॉइडची गोळी बहुधा घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात; तुमच्यासाठी काय, ते विचारून कागदावर लिहून घ्या. सोबत एक माणूस हवाच, येताना डोळे पाणावलेले असतात.

पायरी ८: टेबलावर काय होतं

डोळा बाहेर काढून परत बसवतात, ही समजूत गावोगाव आहे आणि ती साफ चुकीची आहे. डोळा जागचा हलवत नाहीत. पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याला छोटा छेद देतात, स्नायू हुकानं उचलतात, त्यातून ६-० जाडीचा (अगदी बारीक) धागा ओवतात, स्नायू चिकटला आहे तिथून सोडवतात आणि काही मिलिमीटर मागे नेऊन डोळ्याच्या भिंतीला पुन्हा शिवतात. मागे नेल्यानं स्नायूचा ताण कमी होतो, दावं लांब झालं असं समजा. स्नायू कापून आखूड करण्याची पद्धत इतर तिरळेपणात वापरतात. इथे ती सहसा टाळतात, कारण आधीच आखडलेला स्नायू आणखी आखडतो.

खालचा सरळ स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण ६.५ मिलिमीटरवर चिकटलेला असतो, नाकाकडचा ५.५ वर. एक मिलिमीटर मागे नेलं की या आजारात ढोबळ मानानं ३ ते ४ प्रिझम डायॉप्टर सुधारतात, पण ताठर स्नायू अशा हिशोबाच्या तक्त्याला जुमानत नाहीत. म्हणून काही शल्यविशारद स्नायू सोडवून, डोळा सरळ धरून, तो जिथे आपसूक सैल पडतो तिथेच शिवतात. खालच्या स्नायूला खालच्या पापणीशी जोडणारे तंतू मागेपर्यंत सोडवावे लागतात. ते नीट सोडवले नाहीत, किंवा स्नायू पाचेक मिलिमीटरपेक्षा जास्त मागे न्यावा लागला, तर पापणी खाली येऊन बुबुळाखाली पांढरी पट्टी दिसू लागते.

बहुतेकांना पूर्ण भूल देतात. स्नायू ओढला की हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञांचं लक्ष मॉनिटरवर असतं. ओढ सोडली की ठोके पूर्ववत होतात. एकाच डोळ्याचे तीन किंवा चार सरळ स्नायू एका वेळी सोडवत नाहीत. कारण डोळ्याच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या सात बारीक धमन्या या स्नायूंमधूनच येतात, बाहेरच्या स्नायूतून एक आणि बाकी तिघांतून दोन-दोन.

पायरी ९: सरकती गाठ

प्रौढ रुग्णात शक्य असेल तिथे सरकत्या गाठीचा आग्रह धरावा, असं आमचं मत आहे. अशा टाक्यांचा वापर १९७० च्या दशकात रूढ झाला. धागा पक्का न बांधता सरकफासानं ठेवतात. भूल उतरल्यावर, त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी, पट्टी काढतात. रुग्ण खुर्चीत बसतो, स्वतःचा चष्मा घालतो आणि सहा मीटरवरच्या अक्षराकडे बघतो. सुन्न करणारे थेंब पडतात, थोडं चुरचुरतं. डॉक्टर धाग्याची टोकं चिमट्यात धरून गाठ अर्धा मिलिमीटर पुढे किंवा मागे नेतात. आत ओढल्यासारखं जाणवतं, कुणाला मळमळतं, घाम येतो. दोन अक्षरं जवळ येत-येत एकमेकांवर बसतात. मग जवळचं वाचायला देऊन खालची दिशा तपासतात आणि गाठ पक्की करतात. सकाळी हलकंच खाऊन जा, आणि गरगरलं तर लगेच सांगा.

खालच्या स्नायूच्या बाबतीत मुद्दाम थोडं कमी सुधारून ठेवतात. त्या दिवशी वर बघताना दोन दिसत असतील, किंवा समोरही किंचित फरक असेल, तर ते ठरवून केलेलं असू शकतं. कारण हा स्नायू पुढच्या काही आठवड्यांत आणखी मागे सरकून उलटा दोष निर्माण करतो, हे पुष्कळदा दिसून आलंय. ताठर स्नायूचा ओढा जोरात असतो, विरघळणारा धागा स्नायू नव्या जागी पक्का चिकटण्याआधीच सैल पडतो, आणि वरचा स्नायूही लपूनछपून आखडलेला असेल तर तो डोळा वर ओढतो. म्हणून या एका स्नायूला न विरघळणारा धागा वापरणं बऱ्याच जणांना जास्त खात्रीचं वाटतं. तुमच्या डॉक्टरांना धागा कोणता, हा प्रश्न निर्धास्तपणे विचारा.

पायरी १०: घरी आल्यावर

डोळा लालभडक दिसेल. दोन-तीन आठवड्यांत लाली उतरते, पूर्ण जायला दोन महिनेही लागतात. वाळूचा कण गेल्यासारखं टोचतं, ते पडद्यावरचे टाके. थेंब वेळेवर घाला, बाटलीचं टोक पापणीला लावू नका. आठवडाभर डोक्यावरून आंघोळ नको, महिनाभर पोहणं नको, चोळणं तर अजिबात नको. होळी-रंगपंचमी जवळ असेल तर तारीख पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, पू आला, दिसणं कमी झालं, किंवा डोळा अचानक एका बाजूला जाऊन शस्त्रक्रिया झालेल्या स्नायूच्या दिशेनं हलेचना, तर फोनवर विचारत बसू नका, थेट जा. शेवटच्या लक्षणात स्नायू टाक्यातून निसटलेला असू शकतो आणि तो जितक्या लवकर शोधावा तितका सापडतो.

गाडी, स्कूटरसुद्धा, समोर सतत एकच चित्र दिसेपर्यंत बंद. प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा लगेच करू नका. वाचण्यासाठी त्यात डोळे बरेच खाली न्यावे लागतात, आणि खालचे स्नायू दोन्हीकडे मागे नेले असतील तर नेमकं तेच जमत नाही. वाचायला वेगळा चष्मा ठेवला की डोळे समोर ठेवूनच पुस्तक वर धरून वाचता येतं.

तपासण्या साधारण दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. सहा आठवडे ते तीन महिने हा काळ सगळ्यात महत्त्वाचा, कारण सरकणं याच काळात कळतं. ‘आता छान आहे’ म्हणून ही भेट चुकवणारे बरेच असतात. उरलेला छोटा फरक असेल तर आता काचेत घासून प्रिझम बसवता येतो. मोठा असेल तर दुसरी शस्त्रक्रिया लागते. या आजारात ती लागणं नेहमीपेक्षा जास्त वेळा घडतं, म्हणून पहिल्या वेळीच सुट्टी आणि खर्चाचा हिशोब दोन शस्त्रक्रियांचा धरून ठेवा. पापण्यांचं काम कोन स्थिरावल्यावर, म्हणजे किमान तीन महिन्यांनी. तोपर्यंत कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसा आणि जेल रात्री चालू ठेवा.